आकडे नसलेलं बाखचं पुस्तक : भुसावळच्या एका पेटीवाल्याचा अभिप्राय

पुस्तक हेन्ले या जर्मन प्रकाशनाचं आहे. अठराव्या शतकातल्या योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकाराच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’चा पहिला भाग, हेन्लेच्या नेहमीच्या निळसर-करड्या कव्हरात. त्यात मेजर-मायनर अशा चोवीस पट्ट्यांत प्रत्येकी एक प्रिल्यूड, म्हणजे आधीचा मोकळा तुकडा, आणि एक फ्यूग आहे. ते दोन तऱ्हांनी मिळतं. १४ क्रमांकाच्या पुस्तकात कुठला सूर कुठल्या बोटाने घ्यायचा त्याचे आकडे सुरांच्या वर-खाली छापलेले आहेत, आणि ते आंद्राश शिफ या हंगेरीत जन्मलेल्या पियानिस्टने दिलेत. १०१४ क्रमांकाच्या पुस्तकात संगीत तेच, फक्त बोटांचे आकडे गायब. मी हे दुसरं मागवलं. मुंबईच्या दुकानदाराला ते काही पटेना. “साहेब, त्यात फिंगरिंग नाहीये हां,” असं त्याने बजावलं, आणि नाही म्हणून ते स्वस्तही नाही, हेही सांगितलं. म्हणजे शाई कमी, पैसे तेवढेच. तरी घेतलं, आणि घेतल्याचं समाधान आहे. का, ते सविस्तर सांगतो, कारण जळगाव-धुळे-नंदुरबारकडे असं पुस्तक चाळून बघायला मिळेल अशी जागा मला तरी सापडली नाही.

मी रेल्वेत फिटर आहे. गाव अमळनेर तालुक्यातलं. पोरवयापासून भजनी मंडळात पेटी वाजवत आलो, पियानो चाळिशीनंतर आला. घरी ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो आहे. रात्रपाळी नसली की हेडफोन लावून बसतो. हेडफोन लावला तरी पट्ट्यांची टकटक घरभर जातेच. एकच बार, म्हणजे ठरावीक ठोक्यांचा एक खण, घोकत बसलो की आतून आई म्हणते, “आते पुरे कर ना रे भाऊ!” शिकवायला पुण्याचे एक सर आहेत, व्हिडिओवर.

पेटीवाल्याची अडचण आधी समजून घ्या. पेटीवर उजवा हात वाजवतो आणि डावा भाता मारतो. त्यामुळे उजव्याची बोटं तयार, डाव्याची अडाणी. शिवाय साथीत एखादी जागा अडखळली तर गाणारा, टाळकरी, पखवाजवाला सगळे सांभाळून घेतात. बाखमध्ये सांभाळून घेणारं कोणी नाही. फ्यूगमध्ये एक आवाज धून सुरू करतो, मग दुसरा तीच धून घेऊन येतो, मग तिसरा, आणि आधीचे काही गप्प बसत नाहीत. या भागातल्या २४ फ्यूगांपैकी दोन, सी शार्प मायनर आणि बी फ्लॅट मायनर, तर पाच आवाजांचे आहेत. गवई पाच आणि बोटं दहा. एक बोट चुकीच्या जागी पडलं की पुढच्या बारात हात कमी पडतो, धरून ठेवायचा सूर सोडून द्यावा लागतो आणि एका गवयाचा गळा मधेच बसतो.

मग आकडे छापलेलंच घ्यावं ना, असं कोणीही म्हणेल. पहिली गोष्ट म्हणजे आकडे फुकटही मिळतात. कार्ल चेर्नी या पियानोशिक्षकाने १८३७ मध्ये काढलेली आवृत्ती, बुसोनी या पियानिस्टची १८९४ ची, लंडनच्या परीक्षा मंडळाची १९२४ ची, जिच्यात मजकूर डोनाल्ड टोवीने पाहिला आणि बोटं हॅरल्ड सॅम्युएलने दिली. हे सगळं जुनं झालंय, स्कॅन करून ठेवलेलं सापडतं. मी त्यांतली पानं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. एकाच जागेला एकाचा अंगठा, दुसऱ्याचं तिसरं बोट, तिसऱ्याने ती जागाच डाव्या हाताला देऊन टाकलेली. तिघेही मोठे लोक. तेव्हाच लक्षात आलं की हे आकडे म्हणजे त्या त्या माणसाच्या हाताची मापं आहेत. चेर्नीने तर बोटांबरोबर लय, जोर, कुठे हळू कुठे मोठ्याने, हेही आपल्या मनाने घातलंय. बाखच्या हस्तलिखितात त्यातलं जवळपास काहीच नाही, आणि नवशिक्याला चेर्नी कुठे संपतो आणि बाख कुठे सुरू होतो ते कळायला मार्ग नसतो.

(जुनी इंग्रजी छपाई डाउनलोड करणाऱ्यांनी सांभाळा. आज अंगठा १ आणि करंगळी ५. जुन्या इंग्रजी पद्धतीत अंगठ्याला अधिकाचं चिन्ह असतं आणि १ म्हणजे अंगठ्याशेजारचं बोट. पानावर कुठे अधिकाचं चिन्ह दिसतंय का, ते आधी बघा.)

बाखने स्वतः बोटं लिहिलेली फार थोडी सापडतात. थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, १७२० मध्ये त्याने एक वही सुरू केली. तिच्यात ‘आप्लिकाशिओ’ नावाचा छोटासा तुकडा आहे, त्यावर आकडे आहेत. त्यात उजवा हात सरगम चढतो तो तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या जोडीने, ३-४-३-४, अंगठा खालून न घालता. आजच्या परीक्षेत असं वाजवलं तर काय होईल ते सांगायला नको. दुसरा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल याने १७५३ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय की वडिलांनी तरुणपणी असे थोर वादक ऐकले होते जे अंगठा फक्त लांबच्या टप्प्यापुरता वापरायचे. अंगठ्याला रोजच्या कामाला लावलं ते बाखच्या पिढीने. आमच्या मंडळाचे जुने पेटीवाले नाना अंगठा पट्ट्यांच्या बाहेरच लोंबता ठेवायचे. त्यांना आम्ही पोरं हसायचो. १७२० ची ती वही पाहिल्यापासून मी हसत नाही.

माझं खरं कारण वेगळं आहे आणि ते व्हर्निअर कॅलिपरचं आहे. वर्कशॉपमध्ये हात जाड होतात. माझ्या मधल्या बोटाची रुंदी १८ मिलिमीटर भरते. पियानोची पांढरी पट्टी पुढच्या बाजूला साधारण साडेतेवीस मिलिमीटर, म्हणजे तिथे बोट ऐसपैस बसतं. पण दोन काळ्या पट्ट्यांच्या मधे पांढरीची जी चिंचोळी गल्ली उरते तिच्यात हे बोट शिरतच नाही. शिरलं तर शेजारची काळी घेऊन वाजतं. छापील आकडे देणारे बहुतेक जण गृहीत धरतात की हात आत ढकलून मधलं बोट दोन काळ्यांमध्ये टेकवता येईल. मला तिथे काठावरूनच वाजवावं लागतं आणि काठावर आलं की अंगठा पट्टीच्या बाहेर लोंबतो. म्हणजे तो आकडा माझ्यापुरता बाद. छापील पुस्तकावर असे आकडे मी खोडून बघितले. छापील १ वर पेन्सिलचा २ लिहिला तरी वाजवताना डोळ्याला छापीलच दिसतो आणि बोट तिकडे जातं. कोऱ्या पानावर फक्त माझाच आकडा असतो.

आता या पुस्तकाने मला दिलेली सगळ्यात मोठी गंमत. सी शार्प मेजरचा प्रिल्यूड आणि फ्यूग. सुरुवातीलाच सात शार्प, म्हणजे सूर अर्ध्याने चढवायच्या खुणा. पियानो शिकणारी पोरं हे पान बघून पुढे पळतात. मी स्वरलिपी बाजूला ठेवून पेटीच्या भाषेत बघितलं. सी शार्प म्हणजे काळी एक, सप्तकातली पहिली काळी पट्टी. आमचे अर्धे गाणारे काळी एकला गातात! त्या पट्टीतले सूर लावून बघा: सा काळी एक, रे काळी दोन, ग पांढरी चार, मग म, प, ध ओळीने काळी तीन, चार, पाच, आणि नी पांढरी एक. पांढऱ्या दोनच, ग आणि नी. अंगठा तिथेच पडतो, लांब बोटं काळ्यांवर आपोआप बसतात. उजव्या हाताची बोटं २-३-१-२-३-४-१-२, आणि पियानोच्या सरगमांच्या पुस्तकातही हेच छापलेलं असतं. काळ्या पट्ट्या उंच आणि मोकळ्या, त्यामुळे माझ्या १८ मिलिमीटरलाही तिथे अडचण नाही. पियानोचा मोठा संगीतकार शोपॅं आपल्या शिष्यांना सरगम बी मेजरपासून शिकवायचा ते याच कारणाने, लांब बोटं काळ्यांवर ठेवायची म्हणून. सगळ्या पांढऱ्यांची सी मेजर वाचायला सोपी, हाताला मात्र अवघड, कारण अंगठा कुठे वळवायचा याची खूणच नाही.

तर ज्या पानाला सगळे घाबरतात त्या पानावर मी पेन्सिलने फार थोडे आकडे लिहिलेत. आकडे छापलेलं पुस्तक असतं तर मी त्यांच्याच मागे गेलो असतो आणि ‘ही तर आपली काळी एक’ हे कदाचित डोक्यातच आलं नसतं. वाचायला मात्र ते पान अजूनही त्रास देतं. पांढऱ्या चारला ‘ई शार्प’ म्हणायची सवय काही लागत नाही.

उलट सी मायनरचा फ्यूग, पांढरी एकमधला, सगळ्यांच्या आवडीचा, ३१ बारांचा आणि तीनच आवाजांचा. तो सोपा वाटला आणि तिथेच सगळ्यात जास्त खोडरबर झिजला. सुरुवातीची धून बघा: सा नी सा, खाली प, कोमल ध, पुन्हा सा नी सा रे, खाली प. हे सगळे सूर उजव्या हाताच्या पाच बोटांखाली न हलता बसतात. प वर १, कोमल ध वर २, नी वर ३, सा वर ४, रे वर ५. मग धून म पर्यंत खाली उतरते, तिथे अंगठा सरकवायचा. झालं. एकटा आवाज आहे तोवर कसलीच चिंता नाही.

तिसऱ्या बाराला वरचा आवाज पंचमावरून जबाब घेऊन येतो आणि मधला आवाज उतरती तान घेतो. आता दोन रस्ते आहेत. दोन्ही आवाज उजव्या हातात कोंबायचे, किंवा मधला डाव्याला द्यायचा, कारण खालचा आवाज सातव्या बारापर्यंत येतच नाही, डावा मोकळाच आहे. डाव्याला देणं सरळ वाटतं. पण माझा डावा म्हणजे भात्याचा हात, उतरती तान त्याच्याकडून समान येत नाही, एक सूर जाड एक बारीक. आणि दिली तरी सातव्या बाराच्या दारात ती उजव्याकडे परत सोपवावी लागते. ते सोपवणं ऐकू आलं की फ्यूगची मजा गेली. सर म्हणाले, “डाव्यालाच द्या, त्याला कधीतरी शिकावंच लागेल.” मी दिली. सोपवण्याची जागा मी सातव्या बाराच्या उंबरठ्यावर न ठेवता थोडी अलीकडे आणली आहे, जिथे उजव्याचा अंगठा तसाही मोकळा असतो. ही जागा कुठल्याही आवृत्तीतून घेतलेली नाही, माझ्या डाव्याच्या लायकीवरून ठरवली आहे. डावा सुधारला की ती पुढे सरकेल. पेन्सिलने लिहायचा हाच फायदा.

पेटीवाल्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र जोरात आहे. पेटीवर बोट उचललं की सूर मेला. पेडल वगैरे काही नाही. त्यामुळे सूर धरून ठेवायचा आणि धरल्या पट्टीवर आवाज न करता बोट बदलायचं, म्हणजे तिसऱ्याने दाबलेली पट्टी हळूच चौथ्याच्या हवाली करायची आणि तिसरं मोकळं करून घ्यायचं, हे आम्ही नकळत करतच असतो. काळीवरून शेजारच्या पांढरीवर तेच बोट घसरवणंही. बाखच्या वाद्यांनाही सूर लांबवणारं पायातलं पेडल नव्हतं. शिफने २०१२ मध्ये निघालेलं आपलं ध्वनिमुद्रण पेडलला हात, म्हणजे पाय, न लावता केलंय. ते ऐकून मी पियानोचं पेडल काढून कपाटावर ठेवलं. पेडल दाबून वाजवलं तर कुठलंही फिंगरिंग बरं वाटतं, आणि तेच धोक्याचं आहे.

आकडे लिहिण्याच्या माझ्या काही सवयी पडल्यात त्याही सांगतो, कारण कोरं पुस्तक घेतलं की पहिला प्रश्न ‘आता काय लिहू’ हाच येतो. प्रत्येक सुरावर आकडा लिहायचा नाही. अंगठा वळतो तिथे, हात जागा बदलतो तिथे, आणि धरल्या सुरावर बोट बदलतं तिथे, बस. मधली बोटं आपोआप येतात. अवघड तान उलटी ठरवायची: शेवटचा सूर कुठल्या बोटावर यायला हवा, कारण पुढे लगेच काय आहे, तिथून मागे मागे यायचं. आणि हळू वाजवून फिंगरिंग कधीच पक्कं करायचं नाही. हळू वाजवताना वाट्टेल ती कसरत जमते, लय वाढवली की तीच तुटते. म्हणून दोन-तीन ठोक्यांचा तुकडा, वाकडातिकडा का होईना, पूर्ण लयीत वाजवून बघायचा आणि मगच पेन्सिल उचलायची. डी मेजरच्या प्रिल्यूडमध्ये उजव्याला सलग तान आणि डावा फक्त टप्पे देतो, त्यात हे फार कामी आलं. एकच आकृती पायरीपायरीने सरकते तिथे मी काळी-पांढरीचा विचार न करता प्रत्येक पायरीला तीच बोटं ठेवली. एखाद्या पायरीला अंगठा काळीवर येतो. येऊ दे. अंगठा काळीवर नको हा नियम सरगमांसाठी ठीक आहे, फ्यूग वाजवणाऱ्याला तो परवडत नाही.

वस्तू म्हणून पुस्तक उत्तम आहे. कागद जाड, किंचित पिवळट, दिव्याच्या उजेडात डोळ्यावर येत नाही. शिलाईची बांधणी आहे, पुस्तक स्टँडवर उघडं राहतं. हे आमच्याकडे महत्त्वाचं आहे, कारण मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, कूलर चालू ठेवल्याशिवाय बसता येत नाही, आणि झेरॉक्सची सुटी पानं कूलरसमोर ठेवली तर बाखचे पाचही आवाज पाच खोल्यांत जातात. हे पान हलत नाही. कागद खोडरबरही सोसतो. सी मायनरच्या त्या बारांवर किती वेळा खोडलंय, पण कागद फुलला नाही, छपाई पुसट झाली नाही. आकडे नसल्यामुळे ओळींमध्ये लिहायला जागा भरपूर. २बी पेन्सिल वापरा, एचबीची खूण दाबून लिहिल्यावर राहते. प्रस्तावना जर्मन, इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये आहे, मागे मूळ हस्तलिखितं आणि नकला यांच्यातल्या फरकांच्या टिपा आहेत. त्या वाचायला चिकाटी हवी.

तक्रार म्हणाल तर एकच, पण मोठी. डाव्या हाताच्या बाबतीत हे पुस्तक माझ्यासारख्याला वाऱ्यावर सोडतं. उजव्यासाठी माझ्याकडे तीस-पस्तीस वर्षांची पेटी आहे, चार पर्याय बोटांना स्वतःच सुचतात. डाव्याला एकही सुचत नाही. सी मायनरच्या प्रिल्यूडमध्ये दोन्ही हातांना सारखंच काम आहे, आणि २८ व्या बारापासून प्रेस्टो, म्हणजे एकदम जलद लय, लागतो तेव्हा तर दम घ्यायला जागा नाही. डाव्याने खालचा सूर करंगळीने घेतला तर वरची झुलणारी जोडी अंगठा आणि दुसऱ्याने घ्यायची की तिसऱ्याने, हे ठरवायला आधी दोन्ही येऊन पाहिजे ना! तिथे मी सरळ सॅम्युएलची बोटं उसनी घेतली आणि सरांकडच्या १४ क्रमांकाच्या पुस्तकातलं पान कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं. शिफची बोटं तिथे मला सॅम्युएलपेक्षा सोयीची वाटली. तेव्हा ज्याचे दोन्ही हात नवे आहेत, ज्याने आधी काहीच वाजवलेलं नाही, त्याने १०१४ घेऊ नये. १४ घ्यावं, नाहीतर बाखच्या दोन आवाजांच्या इन्व्हेन्शन्स नावाच्या छोट्या तुकड्यांपासून सुरुवात करावी. पेटी, ऑर्गन, कीबोर्ड असा काही ना काही हात असलेल्याने, किंवा आठवड्याला विचारता येईल असा शिक्षक असलेल्याने बेलाशक कोरं घ्यावं. परीक्षेला बसणाऱ्यांनीही घाबरू नये, परीक्षक आकडे बघत नाहीत, ऐकतात.

मागवताना क्रमांक तोंडी सांगून थांबू नका, लिहून पाठवा. १४ आणि १०१४ ची कव्हरं लांबून सारखीच दिसतात. आयात माल असल्याने किंमत युरोबरोबर हलते, म्हणून पैसे भरायच्या आधी त्या दिवसाचा भाव विचारून घ्या. पार्सल कडक पुठ्ठ्यात द्यायला सांगा, पावसाळ्यात तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून. दुसरा भागही त्यांच्याकडे दोन्ही तऱ्हांनी मिळतो, पण तो मी मागवलेला नाही. पहिल्यातला बी फ्लॅट मायनर, म्हणजे आपली काळी पाच, अजून उघडायचाय.